कानाच्या शस्त्रक्रियेत रोबोट उशिरा का आला?

ऑपरेशन थिएटरमध्ये सूक्ष्मदर्शक पहिल्यांदा आणला तो कानाच्या सर्जननी. स्टॉकहोममध्ये कार्ल ओलोफ न्यूलेन यांनी १९२१ साली एका डोळ्याने पाहायचा मायक्रोस्कोप कानावर रोखला, आणि पुढच्याच वर्षी तिथल्याच गुन्नार होल्मग्रेन यांनी दोन्ही डोळ्यांनी पाहता येणारा वापरला. मेंदूच्या सर्जननी तो उचलला त्यानंतर कितीतरी वर्षांनी. असं असूनही रोबोटच्या बाबतीत कान बराच मागे राहिला. ‘दा विंची’ या रोबोट यंत्रणेला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली आणि ती पोटाच्या, प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियांत रुळलीसुद्धा. कानात मात्र यंत्राचा हात पोचायला आणखी दीड दशक गेलं.

याचं कारण मापात आहे. कानातली रिकीब हे शरीरातलं सर्वांत लहान हाड. त्याची तळपाटी जेमतेम ३ मिलिमीटर लांब आणि दीड मिलिमीटरहूनही अरुंद असते. ओटोस्क्लेरोसिस या कानाच्या हाडाच्या आजारात ती घट्ट बसते, मग तिला साधारण अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडून त्यात कृत्रिम दांडी बसवावी लागते. निरोगी, सरावलेला हातसुद्धा मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास थरथरतो. एरवी ते जाणवतही नाही, पण इथे भोकाच्याच मापाशी त्याची तुलना करावी लागते. दुसरी अडचण म्हणजे चेहऱ्याची नस. ती कानामागच्या हाडातूनच वाट काढते. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (आतल्या कानात विजेची तार, म्हणजे इलेक्ट्रोड, घालून ऐकू आणणारं उपकरण) मागच्या बाजूने आत शिरायचं, तर एका बाजूला ही नस, दुसऱ्या बाजूला चवीची बारीक नस, आणि दोघींमध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट. ड्रिल तिथे घसरलं तर अर्धा चेहरा लुळा पडतो.

इतक्या आत जायची कुणाची हिंमतच नव्हती तेव्हा काम सोपं होतं. १८७३ साली जर्मनीतल्या हाले इथे हेर्मान श्वार्ट्‌झे आणि आडोल्फ आयझेल यांनी कानामागचं हाड छिन्नीने उघडून पू काढण्याची रीत पद्धतशीर मांडली. उद्देश जीव वाचवण्याचा होता, ऐकू येण्याचा विचार नंतरचा. तो विचार करता आला मायक्रोस्कोपमुळेच. १९५३ साली झाइस कंपनीचा ओपीएमआय-१ हा मायक्रोस्कोप बाजारात आला आणि चांगला प्रकाश, स्थिर चित्र हाताशी आलं. १९५६ साली जॉन शे यांनी अडकलेली रिकीब काढून तिच्या जागी टेफ्लॉनची बसवली. १९६१ साली विल्यम हाउस यांनी लॉस एंजेलिसमध्ये आपली पहिली कॉक्लिअर इम्प्लांट बसवली. डोळा सुधारला तसतसा हात धीट झाला, पण हात तोच राहिला.

संगणक आला तो नकाशाच्या रूपाने. १९७१ साली पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. १९८०च्या दशकात जर्मनीतल्या आखेनमध्ये गेऑर्ग श्लोनडॉर्फ यांच्या गटाने सांध्यांमध्ये मापनयंत्र बसवलेला एक यांत्रिक हात तयार केला. त्याचं टोक रुग्णाला टेकवलं की स्कॅनमध्ये ती जागा पडद्यावर दिसायची. नाकाच्या आणि सायनसच्या शस्त्रक्रियेत हे नॅव्हिगेशन लगेच उपयोगी ठरलं, कारण तिथे एक-दोन मिलिमीटरची चूक पदरात घेता येते. कानात तेवढी चूक म्हणजे थेट नसेवर. त्वचेवर चिकटवलेल्या खुणा सरकतात, स्कॅनचे काप जाड असतात, आणि या सगळ्या लहान चुकांची बेरीज होते. म्हणून कानासाठी हाडातच बारीक स्क्रू बसवून त्यांच्यावरून मोजायची पद्धत पुढे आली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं खरं वळण हेच, भले त्यात रोबोट कुठे दिसत नसेल.

रोबोटचे प्रयत्न तोवर सुरू झाले होते. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये पीटर ब्रेट यांनी १९९०च्या दशकात असं ड्रिल बनवलं की टोकावरचा दाब आणि पीळ मोजून हाड संपत आल्याचं ते ओळखायचं आणि पलीकडे घुसायच्या आत थांबायचं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रसेल टेलर यांच्या गटाने वेगळा विचार केला: हत्यार सर्जन आणि यंत्र दोघांनी मिळून धरायचं आणि यंत्राने फक्त थरथर गिळायची. तिथल्याच व्हँडरबिल्ट विद्यापीठात रॉबर्ट लाबादी यांच्या गटाने तर रोबोटच टाळला. स्कॅनवरून प्रत्येक रुग्णासाठी वेगळी छोटी चौकट घडवायची, ती डोक्याच्या हाडाला पक्की करायची आणि तिच्यातून ड्रिल एकाच रेषेत सोडायचं. झगमगाट नसलेली, पण हुशार कल्पना.

स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये श्टेफान वेबर आणि मार्को काव्हेर्साचिओ यांच्या गटाने रोबोटने बोगदा पाडून केलेल्या पहिल्या कॉक्लिअर इम्प्लांटचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. बोगद्याची रुंदी अवघी १.८ मिलिमीटर. रोबोट एका दमात आत जात नव्हता. थोडं कोरायचं, मागे यायचं, पाण्याने भुसा धुवायचा आणि हाड थंड करायचं, कारण ड्रिलच्या उष्णतेनेही नस भाजते. नसेजवळ पोचल्यावर बोगद्यात विजेची बारीक सळई घालून चेहऱ्याचे स्नायू किती प्रवाहाला हलतात ते तपासायचं. मधेच पुन्हा स्कॅन. इतकं झाल्यावर आतल्या कानाचं दार उघडणं आणि इलेक्ट्रोड सरकवणं हे काम माणसाच्याच हातांनी झालं.

ते सरकवणंही आता यंत्राकडे जाऊ लागलं आहे. इलेक्ट्रोड घाईने घातला तर आतला नाजूक पडदा फाटतो आणि उरलंसुरलं ऐकू येणंही जातं. फ्रान्सच्या ‘रोबोटॉल’चा सर्जनच्या आदेशावर चालणारा हात आणि अमेरिकेत २०२१ साली मान्यता मिळालेलं ‘आयोटासॉफ्ट’ हे छोटं उपकरण, दोन्ही तो मुंगीच्या पावलांनी पुढे नेतात. इतक्या संथ, एकसारख्या गतीने मिनिटामागून मिनिटं हात चालवणं माणसाला अवघडच.

या यशांमध्ये एक गोष्ट समान आहे: वाट आधीच आखता येते. हाड हलत नाही, त्यामुळे सकाळच्या स्कॅनमधला नकाशा दुपारीही खरा असतो. हाड कुरतडणाऱ्या कोलेस्टिएटोमासारख्या आजारात ही सोय नाही. स्कॅनवर आजार, सूज आणि साचलेलं पाणी बहुधा सारखंच करडं दिसतं, आणि आजार नेमका कुठवर गेलाय हे उघडल्यावरच कळतं. तिथे आजही मायक्रोस्कोप किंवा दुर्बिणीखाली सर्जनच हाताने ड्रिल चालवतो.