ओझोन-क्षयकारी पदार्थांची वापरबंदी (बेळगाव सीमाभाग)

ओझोन थर विरळ करणारी क्लोरीन-ब्रोमीनयुक्त रसायने वापरातून काढून टाकण्याची ही प्रक्रिया. १६ सप्टेंबर १९८७ च्या मॉन्ट्रियल करारावर ती उभी आहे. भारत १९ जून १९९२ रोजी करारात सामील झाला. देशातले सीएफसीचे (क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे फ्रिज-एसीत वापरला जाणारा ओझोन-क्षयकारी गॅस) चारही उत्पादक गुजरात, राजस्थान आणि तमिळनाडूत होते. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात हा गॅस आला तो सिलिंडरमधून, मेकॅनिकच्या हातात. म्हणून इथल्या वापरबंदीचा खरा इतिहास कारखान्यांपेक्षा दुरुस्तीच्या दुकानांत शोधावा लागतो.

सीएफसीचा दरडोई वापर वर्षाला ०.३ किलोपेक्षा कमी असलेल्या विकसनशील देशांना कराराने दहा वर्षांची सवलत दिली आणि खर्चासाठी बहुपक्षीय निधी उभारला. सीएफसी उत्पादन गुंडाळण्यासाठी भारताला ८.२ कोटी डॉलर मंजूर झाले. केंद्राचे नियम २००० साली आले. दम्याच्या फवाऱ्यांपुरता अपवाद ठेवून ऑगस्ट २००८ मध्ये उत्पादन थांबले. सीमाप्रश्न कितीही चिघळलेला असो, नियम केंद्राचे असल्याने महाराष्ट्रातल्या चंदगडचा आणि कर्नाटकातल्या खानापूरचा मेकॅनिक या बाबतीत एकाच कायद्याखाली येतात.

यंत्रभागांवरचे तेल आणि कापडावरचे डाग काढायला देशभर कार्बन टेट्राक्लोराइड वापरत. १ जानेवारी २०१० पासून त्यावर बंदी आली. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली मशीन शॉप आणि शहापूर-वडगावचे माग पाहता ही बंदी शहराला परकी नव्हती. त्याच्या जागी वापरले जाणारे ट्रायक्लोरोइथिलीन ओझोनला फारसे बाधत नाही, पण हाताळणाऱ्या कामगाराच्या प्रकृतीला घातक आहे. पर्याय निवडताना हा हिशेब क्वचितच मांडला जातो.

सर्वांत चिवट भाग दुरुस्तीचा. जुन्या घरगुती फ्रिजमध्ये आर-१२ हा सीएफसी गॅस जेमतेम १००-१५० ग्रॅम असे. लीक काढताना मेकॅनिक नळी कापून उरलेला गॅस हवेत सोडी, सांध्याला ब्रेझिंग (धातू वितळवून जोड) करी, आणि व्हॅक्यूम पंप नसेल तर थोडा नवा गॅस सोडूनच आतली हवा बाहेर ढकली. म्हणजे एका दुरुस्तीत दोनदा गळती. जुना गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये ओढून घेणे, नायट्रोजनच्या दाबाने लीक तपासणे आणि मगच चार्जिंग करणे, हे राष्ट्रीय सीएफसी निर्मूलन योजनेतल्या प्रशिक्षणात शिकवले गेले. पण रिकव्हरी मशीन महाग, आणि गिऱ्हाईक पैसे देते ते थंडाव्याचे. वाचवलेल्या गॅसचे नाही. छोट्या दुकानदाराला यात दोष देणे सोपे आहे, रास्त नाही. मोठ्या शीतगृहांत आणि बर्फ कारखान्यांत मात्र अमोनिया चालतो. त्याचा ओझोनशी संबंध नाही.

सध्याचा टप्पा एचसीएफसीचा (सीएफसीपेक्षा ओझोनला कमी घातक, हायड्रोजनयुक्त गॅस), त्यात मुख्यतः आर-२२. जुने एसी आणि गावोगावचे दूध थंड करणारे कूलर यांत तो भरलेला असतो. विकसनशील देशांच्या वेळापत्रकानुसार २०१३ मध्ये वापर गोठवला गेला; २०१५ पर्यंत १० टक्के, २०२० पर्यंत ३५ टक्के, २०२५ पर्यंत ६७.५ टक्के कपात ठरली. २०३० पासून केवळ जुन्या यंत्रांच्या देखभालीसाठी वर्षाला सरासरी मूळ पातळीच्या २.५ टक्के वापर २०४० पर्यंत चालेल. फोम बनवायचा एचसीएफसी-१४१बी भारतात १ जानेवारी २०२० पासून बंद आहे.

आर-१२ च्या जागी आलेल्या आर-१३४ए या एचएफसी (क्लोरीन नसलेल्या) गॅसने ओझोन वाचला, पण तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून जास्त तापमानवाढ करतो. त्यासाठी २०१६ ची किगाली दुरुस्ती झाली. भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली. एचएफसीचा वापर २०२८ पासून गोठवून २०४७ पर्यंत ८५ टक्के घटवायचा आहे. नव्या फ्रिजमधला आयसोब्युटेन या दोन्ही कसोट्यांना उतरतो, मात्र तो पेट घेतो. कॉम्प्रेसरवरची पट्टी न वाचता, आत गॅस असताना ब्रेझिंगची टॉर्च लावणाऱ्या मेकॅनिकला त्याचा थेट धोका आहे.