काचबिंदूचे ड्रॉप्स आणि लांब पापण्या: अर्धं खरं, अर्धं भलतंच

"काचबिंदूचे ड्रॉप्स डोळ्यात टाका, पापण्या कायमच्या लांब होतात" हे किती वर्षं फिरतंय, आणि अर्धं खरं असल्यामुळेच जास्त घोळ होतो. बिमॅटोप्रोस्ट या काचबिंदूच्या औषधाने पापण्यांचे केस वाढतात, अमेरिकेत २००८ मध्ये त्यासाठी मंजुरीही मिळाली, पण यासाठी ते डोळ्यात टाकायचंच नसतं, एक थेंब स्वच्छ ब्रशवर घेऊन रात्री फक्त वरच्या पापणीच्या कडेला आयलायनरसारखं ओढायचं, ओघळलं तर लगेच टिपायचं नाहीतर तिथेही केस उगवू शकतात (हो, गालावरसुद्धा!). पूर्ण फरक दिसायला १६ आठवडे, आणि बंद केलं की पापण्या हळूहळू पुन्हा होत्या तशा. या औषधाने बुबुळ गडद तपकिरी झालं तर तो रंग मात्र बहुतेक कायमचाच. त्यामुळे दुसऱ्याची बाटली उचलून नका लावू, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.