छावणीजीवन : अमेरिकन यादवी युद्ध (१८६१–१८६५)

गुलामीच्या प्रश्नावरून अमेरिकेची उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची राज्ये आपसांत लढली, त्या अमेरिकन यादवी युद्धातील सामान्य शिपायाचे दोन लढायांच्या मधले रोजचे जगणे. अँटिएटमची लढाई एका दिवसात संपली, गेटिसबर्गची तीन दिवसांत. उरलेले महिनेच्या महिने शिपायाने काढले ते तंबूत, चिखलात, कवायतीच्या मैदानावर आणि शेकोटीपुढे. या युद्धाचा इतिहास सेनापती आणि त्यांचे नकाशे यांभोवतीच फिरतो. पण विशीतल्या पोराला युद्ध म्हणून जे भेटले, ती मुख्यतः छावणी होती. मरणही तिथेच जास्त होते. जुन्या हिशेबाने या युद्धात सुमारे ६,२०,००० सैनिक मेले (अलीकडचे अंदाज साडेसात लाखांपर्यंत जातात) आणि त्यांतले साधारण दोन तृतीयांश आजाराने गेले.

दिवस उजाडायचा तो बिगुलाने किंवा ढोलाने. मग हजेरी, न्याहारी, आजाऱ्यांची तपासणी, आणि त्यानंतर कवायत. दिवसातून दोनदा-तीनदा, कधी त्याहून जास्त वेळा. बहुतेक भरती शेतकरी घरांतली. बंदूक हाताळलेले पुष्कळ होते, पण रांगेत, हुकमाबरोबर ती भरणे वेगळे. बार भरण्याच्या क्रिया नऊ टप्प्यांत मोडून घोटून घेतल्या जात. काडतुसाचा कागद दातांनी फाडावा लागे, म्हणून समोरचे दात नसलेल्याला भरतीतच नाकारत. रात्री दिवे मालवण्याची जी संथ धून अमेरिकी सैन्यात आजही वाजते आणि दफनाच्या वेळीही वाजवतात, ती याच युद्धातली. जुलै १८६२ मध्ये व्हर्जिनियातील हॅरिसन्स लँडिंगच्या छावणीत जनरल डॅनियल बटरफील्डने जुन्या धुनेत फेरफार करून ती आपल्या बिगुलवाल्याकडून बसवून घेतली.

शिध्यात उत्तरेकडच्या, म्हणजे युनियनच्या, शिपायाला हार्डटॅक मिळे. नुसते पीठ नि पाणी मळून भाजलेली, तळहाताएवढी चौकोनी, दगडासारखी वडी. साठवणीत तिला सोंडे लागत. शिपाई तिला ‘किड्यांचे वाडे’ म्हणत आणि फोडून गरम कॉफीत टाकत. किडे वर तरंगले की चमच्याने काढून टाकायचे आणि खायचे. थंड पाण्यात भिजवून डुकराच्या चरबीत तळली की तीच मेजवानी. कॉफी मात्र या पोरांचा प्राण होती. बिया कच्च्या मिळाल्या तर भाजायच्या, बादलीत किंवा टिनाच्या पेल्यात घालून बंदुकीच्या दस्त्याने कुटायच्या आणि विस्तवावर काळ्याभोर उकळायच्या. कूच थांबली की पाचदहा मिनिटांत शेकडो छोट्या चुली पेटत. दक्षिणेकडच्या कॉन्फेडरेट शिपायाला हे सुख नव्हते. युनियनच्या आरमाराने बंदरे कोंडली होती, त्यामुळे तो भाजलेले ओकचे फळ, रताळे, शेंगदाणे यांचा काढा कॉफी म्हणून पीत असे आणि मक्याच्या पिठावर दिवस काढत असे. व्हर्जिनियातील रॅपहॅनक नदीच्या दोन काठांवर सैन्ये तळ देऊन होती, तेव्हा शिपाई फळकुटांच्या इवल्या होड्या करून इकडून कॉफी आणि तिकडून तंबाखू पाठवत. अधिकाऱ्यांची मनाई असूनही हा व्यवहार चाले.

(याच नाकेबंदीने अमेरिकेचा कापूस अडला आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईतली सट्ट्याची ती लाट १८६५ मध्ये युद्ध संपताच फुटली.)

निवाऱ्याचे सर्वसाधारण साधन म्हणजे अर्धा तंबू. प्रत्येकाकडे कापडाचा एक तुकडा. दोघांनी आपापले तुकडे बटणांनी जोडले की एक राहुटी होई. त्यामुळे जोडीदार निवडणे ही फार जपून करायची गोष्ट होती. संगीन जमिनीत रोवून तिच्या खोबणीत मेणबत्ती खोचली की दिवा तयार. त्या उजेडात पत्रे लिहिली जात. युनियनच्या शिपायाला १८६१ पासून तिकिटाशिवाय पत्र टाकण्याची सवलत होती. टपालखर्च घरचे भरत. चार-पाच ओळी लिहिता येणाऱ्या पोरांची ही पत्रे हजारोंनी टिकली आहेत. या युद्धाचे याहून सच्चे साधन नाही.

आजाराची कारणे उघड्यावर होती. संडासाचे चर पाण्याजवळ, कधी खणलेलेच नाहीत. जुलाब आणि आमांश यांनी सर्वाधिक बळी घेतले, मागोमाग विषमज्वर. खेड्यातून आलेल्या पोरांना लहानपणी गोवर आलेला नसे. तो छावणीत येई आणि पलटणीच्या पलटणी आडव्या होत. हिवतापावर कोयनेल होते, पण पोटाच्या तक्रारीवर पाऱ्याच्या गोळ्या देत. उवा सगळ्यांनाच, अधिकाऱ्यांनाही.

वेळ घालवायला पत्ते, फासे, बेसबॉल. मार्च १८६४ मध्ये जॉर्जियातील डाल्टन येथे बर्फ पडला, तेव्हा कॉन्फेडरेट पलटणींनी झेंडे घेऊन, रांगा बांधून एकमेकांवर बर्फाच्या गोळ्यांचा हल्ला चढवला.

सगळ्यांची छावणी सारखी नव्हती. युनियनच्या सैन्यात सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिक होते. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, यांना १०, त्यातूनही ३ कपड्यांसाठी कापून. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने हा अपमानाचा पगार घ्यायला सरळ नकार दिला आणि वर्षभराहून अधिक काळ बिनपगारी सेवा केली. जून १८६४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, पगार समान केला. गुलामी संपवण्यासाठी झालेल्या त्यागाची जाण इकडेही होती : महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली. त्या त्यागातला मोठा वाटा या पलटणींचा होता.

हिवाळ्यात सैन्ये एका जागी बसत आणि झोपड्या उभ्या राहत : ओंडक्यांच्या भिंती, फटींत चिखल, काटक्या-मातीचे धुराडे, त्यावर बूड काढलेले पिंप. पिंप पेट घेई, तेव्हा सारी गल्ली धावे. छप्पर मात्र त्याच अर्ध्या तंबूंचे. १८६३–६४ चा हिवाळा युनियनच्या ‘पोटोमॅकच्या सैन्याने’ व्हर्जिनियातील ब्रँडी स्टेशनभोवती असा काढला. सरपण आणि भिंतींसाठी भोवतालची राने उजाड झाली. मेच्या आरंभी कूचाचा हुकूम आला. प्रत्येकाने छपरातले आपले कापड सोडले, गुंडाळून खांद्यावर टाकले आणि ४ मेला सैन्य रॅपिडन नदी ओलांडून गेले. मागे उरल्या ओळीने उघड्या भिंती.