कारिवणा : खाण्याजोगे भूआच्छादन

कारिवणा (सं. मंडूकपर्णी, शास्त्रीय नाव सेंटेला एशियाटिका, कुल एपिएसी) ही जमिनीलगत सरपटणारी बहुवर्षायू वनस्पती. कोथिंबीर आणि गाजर याच कुळातली. हिमालयात रानस्ट्रॉबेरी जशी धावती खोडे टाकत जमीन व्यापते, तशीच चाल कारिवण्याची. रानस्ट्रॉबेरीला मात्र थंडी लागते. ठाणे-नवी मुंबईच्या दमट उकाड्यात ती तग धरत नाही. कारिवणा इथल्या ओलीचाच आहे.

बाजारात कारिवण्याला सर्रास ‘ब्राह्मी’ म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो, कारण नीरब्राह्मी (बॅकोपा मोनिएरी) हीदेखील ब्राह्मीच. नीरब्राह्मीची पाने बारीक, मांसल, समोरासमोर जोडीने येतात. कारिवण्याचे पान मूत्रपिंडाच्या आकाराचे, दातेरी कडांचे, लांब देठावर उभे. कारिवण्यासारख्याच दिसणाऱ्या शोभेच्या हायड्रोकोटाइल या वनस्पतीच्या काही जातींत देठ छत्रीच्या दांड्यासारखा पानाच्या मधोमध लागतो. कारिवण्यात तो पानाच्या खाचेत असतो. खायला लावायचे रोप घेताना हे पाहिल्याशिवाय घेऊ नये. फुले इतकी इवलीशी आणि जांभळट, की पाने बाजूला सारून मातीजवळ डोळे नेले तरच दिसतात.

सोसायट्यांच्या आवारात आंबा-फणसाखाली लॉन टिकत नाही. सावलीत गवत विरळ होते, उघडी माती पहिल्याच मोठ्या सरीत वाहून जाते. ही जागा कारिवण्याची. भरणीच्या जमिनीत आधी डेब्रिजचे तुकडे वेचून शेणखत मिसळावे आणि लव्हाळा गाठींसकट काढावा. तो राहिला तर नंतर वेलीच्या जाळीतून उपटणे फार जिकिरीचे होते. पावसाच्या तोंडावर मुळे फुटलेल्या पेरांचे तुकडे वीतभर अंतराने लावतात. पेर मातीला टेकलेले हवे, एवढीच खरी अट. टेकलेल्या प्रत्येक पेराला मुळे फुटतात, वर पानांचा झुबका येतो, तिथून पुढचा धागा, म्हणजे धावते खोड, निघतो. मायवेल तोडली तरी ते पिल्लू आपल्या मुळांवर जगते. पावसाळ्यात गोगलगायी कोवळी पाने फस्त करतात. त्या संध्याकाळी हाताने वेचाव्यात, विषारी गोळ्या खाण्याच्या वाफ्यात टाकू नयेत. मार्च ते मे रोज पाणी लागते. क्वचित पडणारे पाऊल वेल सोसते, पण मुलांच्या खेळण्याच्या जागी ती लावण्यात अर्थ नाही.

पाने कात्रीने देठासकट कापतात, वेल ओढत नाहीत. चव किंचित कडवट, हिरवी. ओले खोबरे, हिरवी मिरची, जिरे आणि मूठभर पाने वाटून ताकात कालवली की तंबळी होते. वरून हिंग-मोहरीची फोडणी. दक्षिण कोकण आणि कर्नाटक किनाऱ्यावर ती भाताबरोबर खातात. श्रीलंकेत हीच पाने बारीक चिरून, खोबरे आणि लिंबू घालून कोशिंबिरीसारखी वाढतात. औषध म्हणून अर्क किंवा गोळ्या घेणे ही वेगळी गोष्ट आहे, ती वैद्यांच्या सल्ल्यानेच करावी.

कारिवणा मातीतले जड धातू पानांत साठवतो. म्हणून गटाराकाठचा, महामार्गालगतचा किंवा कारखान्यांच्या सांडपाण्यावर वाढलेला, कितीही टवटवीत दिसला तरी, खाऊ नये. तिथली वेल लावणीसाठीही आणू नये. स्वच्छ मातीत वाढलेल्या ओळखीच्या वाफ्यातूनच धागे घ्यावेत.