गुहागर ते गणपतीपुळे: सायकलचा दिवस चढांवर मोजावा

गुहागरहून वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला उतरायचं, फेरीबोटीने शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगड गाठायचं आणि मालगुंडवरून गणपतीपुळ्याला मुक्काम. किनाऱ्याचा रस्ता म्हटला की तो सपाटच असणार असं वाटतं, म्हणून एकट्याने निघणारे बरेचजण दिवसाचा हिशेब किलोमीटरमध्ये करतात. तो हमखास चुकतो. हा रस्ता जांभ्याच्या सड्यावरून, म्हणजे खडकाळ पठारावरून जातो, गावाशी किंवा खाडीशी समुद्रापर्यंत उतरतो आणि लगेच पुन्हा वर चढतो.

७५ किलोचा माणूस, १४ किलोची सायकल आणि पाण्यासकट ११ किलो सामान, असं १०० किलो वजन धरू. ते १०० मीटर वर न्यायला सुमारे ९८ किलोज्यूल लागतात. दिवसभरात असा एकूण १००० मीटर चढ झाला तर पॅडलवर ९८० किलोज्यूल. पण स्नायू अन्नातल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भाग पॅडलपर्यंत पोचवतात. म्हणजे नुसत्या चढांसाठी त्याच्या चौपट, सुमारे ४००० किलोज्यूल किंवा १००० किलोकॅलरींच्या आसपास खर्च, आणि त्यातल्या तीन चतुर्थांशांहून जास्त ऊर्जेची अंगात उष्णता होते.

कोकणात खरी अडचण या उष्णतेची आहे. आठ टक्के चढावर ताशी ६ किलोमीटरने जाताना पॅडलवर साधारण १४० वॉट लागतात आणि अंगात त्याच वेळी साडेचारशेहून जास्त वॉट उष्णता तयार होते. एक लिटर घाम वाळला तर २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, पण तो वाळला तरच. दमट हवेत, चढावरच्या संथ वेगात अंगाला वारा लागत नाही. घाम कोपरावरून टपटप गळतो. गळलेल्या घामाने पाणी आणि मीठ जातं, थंडावा काहीच मिळत नाही. म्हणून उजाडता उजाडता निघावं, आणि जयगडच्या धक्क्यावरून वर येणारा चढ भर दुपारी येणार नाही असं पाहावं.

नुसतं पाणी पीत राहणं धोक्याचं आहे; रक्तातलं सोडियम पातळ होतं. एक लिटर पाण्यात सपाट अर्धा छोटा चमचा मीठ आणि सहा छोटे चमचे साखर हे प्रमाण चांगलं. शरीरातला ग्लायकोजेनचा (स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या साखरेचा) साठा ४००-५०० ग्रॅमच असतो, तेव्हा तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत: एक केळं आणि सुपारीएवढे दोन-तीन गुळाचे खडे. शेंगदाणे चढाच्या तोंडावर नकोत, त्यातलं तेल पचायला वेळ लागतो. भूक लागायची वाट पाहू नये, घड्याळ लावून खावं. सोबत कोणी असलं तर आपला चेहरा पाहून थांबवतं. एकट्याला ती सोय नाही. उन्हात अंगावर काटा आला, डोकं दुखू लागलं किंवा साधी बेरीज जमेना, की सावलीत बसायचं, डोक्या-मानेवर पाणी ओतायचं आणि बरं वाटेपर्यंत उठायचं नाही. शुद्ध हरपतेय असं वाटलं तर जो दिसेल त्याला हाक मारायची.

गिअरचं गणितही चढच ठरवतो. पुढच्या दातीला (दातेरी चकतीला) ३४ आणि मागच्या दातीला २८ दाते असतील तर ताशी ६ किलोमीटरला पाय मिनिटाला ३८ वेळा फिरतात आणि गुडघे भरून येतात. पुढे ३० आणि मागे ३४ केलं तर तेच ५३ होतात. धक्क्यावर थांबण्याआधी पॅडल फिरत असतानाच सर्वांत हलका गिअर टाकून ठेवावा. उभ्या सायकलवर चेन दुसऱ्या दातीवर जात नाही, आणि बोटीतून उतरलं की चढ समोरच असतो.

चढून कमावलेली उंची उताराला परत मिळायला हवी, पण वळणांमुळे ती बरीचशी ब्रेकमध्ये जळते. १०० मीटरच्या उतारातली सगळी ऊर्जा पाण्यात गेली तर दोन कप चहाचं पाणी उकळेल. ब्रेक सतत घासत ठेवला की रिम तापते, ट्यूबवरच्या पॅचचा गोंद सैल पडतो. वळणाआधी दोन्ही ब्रेक दाबून वेग उतरवावा, मग पूर्ण सोडून द्यावेत. सरळ पट्ट्यात हवा रिमही गार करते आणि थोडा वेगही खाते. वळणावर जांभ्याची बारीक खडी असेल तर तिच्यावर ब्रेक लावूच नये.

दुपारी खारे वारे सुटतात, बहुधा वायव्येकडून. उत्तरेकडून दक्षिणेला जाणाऱ्याला ते पाठीशी येतात. हा प्रवास याच दिशेने करावा हे उत्तम.

मागच्या चाकाचे स्पोक मात्र आदल्या रात्रीच तपासावेत. चाक किलोमीटरला ४६५ वेळा फिरतं आणि दर फेऱ्यात प्रत्येक स्पोक जमिनीशी आला की क्षणभर सैलावतो. आधीच ढिला असलेला स्पोक अशा हजारो हिसक्यांनी हबजवळच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या) वाकणात तुटतो, तोही बहुधा चेनच्या बाजूचा. तिथला स्पोक बदलायला मागची दाती काढावी लागते, आणि ते हत्यार सहसा जवळ नसतं. अशा वेळी तुटलेल्याच्या शेजारचे, हबच्या दुसऱ्या बाजूचे दोन स्पोक अर्धा-अर्धा फेरा सैल करावेत, रिम पुन्हा मध्यावर येते. मग मागचं सामान शक्य तेवढं पुढे घ्यावं आणि पुढचा मोठा चढ सायकलवरून खाली उतरून, ती ढकलत चढावा.