एकदा हललेलं, एकदा उचललेलं चॅपेल

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यात आज उभी असलेली सर्वांत जुनी इमारत म्हणजे एक छोटंसं लाकडी चॅपेल, ख्रिस्ती प्रार्थनाघर. बांधलं १८७९ साली. योसेमिटी राष्ट्रीय उद्यान झालं ते त्यानंतर ११ वर्षांनी. 'सर्वांत जुनी' हे अर्थात इमारतींपुरतंच. अहवाहनीची लोकांच्या कित्येक पिढ्या इथेच नांदल्या होत्या, आणि १८५१ मध्ये बंदूकधारी तुकडी आणून त्यांना हुसकावलं गेलं.

चॅपेलचा आराखडा सॅन फ्रान्सिस्कोच्या चार्ल्स गेडीस यांचा. पैसा उभा केला तो मुलांना दर रविवारी धर्मशिक्षण देणाऱ्या शाळांच्या (संडे स्कूल) संघटनेनं, त्यात पोरांनी दिलेली चिल्लरही होती. उतरतं छप्पर, वर टोकदार मनोरा, आणि भिंती उभ्या फळ्यांच्या. दोन फळ्यांमधल्या प्रत्येक फटीवर एक अरुंद पट्टी ठोकलेली. ही पट्टी नक्षीसाठी नाही. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आटतच नाही, रुंदीत मात्र चांगलंच आटतं. दहा इंच रुंदीची ओली फळी पूर्ण वाळली तर अर्धा इंच सहज कमी होते. पावसाळ्यात कपाट लागत नाही आणि उन्हाळ्यात त्याच दाराला फट पडते, तसंच हे. फळ्या खुशाल फुगोत-आटोत, फट पट्टीआड झाकलेली राहते.

लाकूड म्हातारं होऊन मरतं, असा एक समज आहे. खरं तर त्याला मारते ती ओल. लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या खाली राहिलं, तर कुजवणाऱ्या बुरशीला त्यात वाढताच येत नाही. ३० टक्क्यांच्या आसपास पेशींच्या भिंती पाण्यानं भरून जातात आणि मग बुरशीचं फावतं. त्यात लाकडाचं कापलेलं टोक सर्वांत तहानलेलं. झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तिथे उघड्या पडलेल्या असतात. म्हणून तर आपल्या वाड्यांतला लाकडी खांब थेट जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करतात.

योसेमिटीत ही ओल वरून कमी, खालून जास्त येते. खोऱ्याचा तळ सपाट आहे, कारण हिमनदी मागे हटल्यावर तिथे तलाव साचला आणि हळूहळू गाळानं भरला. त्या गाळावरून मर्सेड नदी वळणं घेत जाते. हिमनदीनं मागे सोडलेला दगडगोट्यांचा एक बांध एल कॅपिटन कड्यापाशी तिला अडवून धरत होता. गंमत म्हणजे चॅपेल बांधलं त्याच १८७९ साली खोऱ्याचे राखणदार गॅलन क्लार्क यांनी तो बांध सुरुंगानं फोडला. कुरणं कोरडी व्हावीत हा हेतू. नदीची पातळी चार-साडेचार फूट खाली गेली, कुरणांत पाइनची झाडं घुसू लागली. पूर यायचे ते मात्र आलेच. साठलेल्या बर्फावर हिवाळ्यात उबदार पाऊस कोसळला की दोन्हीचं पाणी एकदमच खाली उतरतं, त्याला तो बांध काय करणार होता?

चॅपेल आधी दुसरीकडे होतं. वस्ती नदीच्या वरच्या अंगाला सरकली, तसं १९०१ मध्ये तेही मैलभर हलवलं. दगडी इमारतीला हे सुचलंही नसतं. लाकडी सांगाडा हलका, खिळ्यांनी जोडलेला. त्याला नवी जागा देता येते. १९६४ च्या डिसेंबरात मर्सेडनं धिंगाणा घातल्यावर पुढच्याच वर्षी त्याचा पाया उंच केला गेला. माझ्या मते या इमारतीच्या आयुष्यातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच.

वस्ती १९२० च्या दशकात पुन्हा सरकली, नदीपलीकडे गेली. या वेळी चॅपेल काही गेलं नाही. १९९७ च्या जानेवारीत पुन्हा तसाच पाऊस बर्फावर पडला. नदीकाठच्या तंबूंच्या कित्येक जागा त्यानंतर कायमच्या बंद झाल्या. चॅपेलमध्ये लग्नं लागताहेत.