अठ्ठावीस वर्षं नोकरी, पेन्शन ३,८१४ रुपये: हा आकडा येतो कुठून

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत ठरली. पुढे खाडीपलीकडे दिघा, रबाळे, महापे, तुर्भे हा ठाणे-बेलापूर रस्त्याचा पट्टा कारखान्यांनी भरला. तिथे उमेदीची वर्षं घालवलेली पिढी आता पेन्शनवर आहे. हातात येणारा आकडा पाहून बहुतेकांना वाटतं, फंडाच्या ऑफिसात हिशेब चुकला. हिशेब बहुधा बरोबर असतो. आकडा लहान राहावा अशीच योजनेची बांधणी आहे, आणि ती टप्प्याटप्प्याने झाली.

१९५२च्या कायद्याने फक्त भविष्य निर्वाह निधी दिला. १९७१मध्ये कुटुंब पेन्शन आली, पण ती कामगाराच्या पश्चात विधवेला आणि मुलांना. कामगार धडधाकट निवृत्त झाला, तर त्याला दरमहा काहीच नव्हतं. फंडाची एकरकमी रक्कम घ्यायची, बँकेत नाहीतर पोस्टात ठेवायची आणि व्याजावर घर चालवायचं, हीच रीत होती. नव्वदच्या दशकात फंडावर १२ टक्के व्याज मिळे. त्या दराने ५ लाखांवर महिन्याला ५,००० रुपये सुटतात.

१६ नोव्हेंबर १९९५ला कर्मचारी पेन्शन योजना लागू झाली. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के फंडाऐवजी पेन्शनकडे वळले आणि केंद्र सरकारने १.१६ टक्के घालायचे ठरले. आज मालक १२ टक्के भरतो, त्यातले मर्यादेपर्यंतच्या पगारावर फंडात जातात ते ३.६७. म्हणजे एकरकमी रक्कम घटली, आणि त्याच सुमारास व्याजही उतरणीला लागलं: २००१-०२मध्ये ९.५ टक्के, २००५-०६मध्ये ८.५. एकाच पिढीला दोन्हीकडून कात्री लागली.

खरी मेख पगाराच्या मर्यादेत आहे. ८.३३ टक्के पूर्ण पगारावर कापले जात नाहीत. मर्यादा सुरुवातीला ५,००० होती, जून २००१पासून ६,५०० झाली, आणि पुढे तेरा वर्षं हलली नाही. १ सप्टेंबर २०१४ला ती १५,००० झाली. ६,५००च्या मर्यादेवर महिन्याला ५४१ रुपये पेन्शनमध्ये जात, १५,०००वर १,२५० जातात. पगार ४० हजार असला तरी तेवढेच.

सूत्र सोपं आहे: सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. सरासरी आधी शेवटच्या १२ महिन्यांची धरत, २०१४पासून ६० महिन्यांची. सप्टेंबर १९९६मध्ये लागलेला आणि ऑगस्ट २०२४अखेर ५८ वर्षांचा होऊन निवृत्त झालेला कामगार घ्या, पगार कायम मर्यादेच्या वर. २०१४पर्यंतच्या १८ वर्षांचे ६,५०० × १८ ÷ ७० म्हणजे १,६७१ रुपये. पुढच्या १० वर्षांचे १५,००० × १० ÷ ७० म्हणजे २,१४३. बेरीज ३,८१४. वीस वर्षं भरल्याबद्दल मिळणाऱ्या दोन वर्षांच्या वाढीने यात चारेकशे रुपयांपर्यंत भर पडते. महागाई भत्ता जोडलेला नसल्याने रक्कम तिथेच थिजते.

१९९५च्या आधीची सेवा तर आणखी स्वस्तात धरली गेली. पगार २,५००च्या वर आणि जुनी सेवा वीस वर्षांहून जास्त, तरी तिच्यासाठी मूळ रक्कम महिन्याला १७० रुपये, तिला निवृत्तीला उरलेल्या वर्षांनुसार गुणक. ही तरतूद आम्हाला आजही अन्यायकारक वाटते. किमान पेन्शन १,००० रुपये ठरली तीही २०१४मध्ये.

पूर्ण पगारावर पेन्शनचा मार्ग १९९६पासून होता, मालक आणि कामगाराने मिळून पर्याय द्यायचा. अनेक कारखान्यांत ही गोष्ट कामगारांपर्यंत पोहोचलीच नाही. ४ नोव्हेंबर २०२२च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर या पर्यायासाठीच्या अर्जाची मुदत वाढत वाढत ११ जुलै २०२३पर्यंत गेली. मात्र त्यासाठी जुन्या वर्षांचा फरक फंडातून व्याजासह पेन्शनकडे वळवावा लागतो. उरलेलं आयुष्य, पत्नीची पेन्शन आणि हातची रक्कम मांडून मगच तो सौदा कळतो.

कारखाने बंद पडत गेले तसं या पट्ट्यात वेगळंच नुकसान झालं. पेन्शनला १० वर्षं सेवा लागते. सहा महिने किंवा जास्त उरले तर ते पूर्ण वर्ष धरतात, म्हणून साडेनऊ वर्षं पुरतात. पण कंपनी सुटली की अनेकांनी १०सी हा फॉर्म भरून पेन्शनचे पैसे काढून घेतले, आणि ती वर्षं सेवेतून गेली. त्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेतलं असतं तर वर्षं जोडली गेली असती. यूएएन, म्हणजे कामगाराच्या सगळ्या नोकऱ्यांसाठी एकच कायमचा क्रमांक, २०१४मध्ये आला, त्यामुळे आधीची सेवा वेगवेगळ्या पीएफ क्रमांकांत विखुरलेली असते. पेन्शन मागण्याचा १०डी फॉर्म भरण्याआधी प्रत्येक क्रमांकाची रुजू आणि सोडल्याची तारीख पासबुकशी ताडून पाहावी. मालक गायब असेल तर यूएएनखालच्या नोकरीची सोडल्याची तारीख शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी कामगाराला स्वतः पोर्टलवर टाकता येते. जुन्या क्रमांकांसाठी कागद घेऊन वागळे इस्टेट किंवा वाशीच्या फंड कार्यालयातच जावं लागतं.